गुणिले शंभर

पॅरिसच्या दुकानात पर्स आवडलेली असते. किंमत २०० युरो. काउंटरवरची मुलगी कार्ड यंत्रात सरकवते आणि पिन टाकायच्या आधी पडद्यावर दोन ओळी उमटतात. एका ओळीत रक्कम युरोत, दुसरीत रुपयांत. यातली कुठली, असं यंत्र विचारत असतं. घरापासून सात हजार किलोमीटरवर रुपयाचं चिन्ह दिसलं की आपल्या माणसाला हायसं वाटतं. किती कापले जाणार तेही जागच्या जागी कळतं. बोट आपसूक रुपयांकडे जातं.

हा पर्याय भाबडेपणाने दिलेला नसतो. त्याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात, धंद्यातले लोक नुसतं डीसीसी म्हणतात. रूपांतराचा दर इथे आपली बँक किंवा कार्डाची कंपनी ठरवत नाही. तो ठरवते दुकानाच्या यंत्रामागची एक तिसरीच कंपनी, आणि त्या दरातला नफा ती दुकानदारासोबत वाटून घेते. हिशेबाच्या सोयीसाठी युरो शंभर रुपयांना धरू. युरोचा पर्याय घेतला तर २०,००० रुपये होतात. त्यावर आपल्या बँकेचा मार्कअप, जो अनेक भारतीय कार्डांवर साडेतीन टक्के असतो, म्हणजे ७०० रुपये. त्या ७०० वर १८ टक्के जीएसटीचे १२६. एकूण २०,८२६. आता रुपयांचा पर्याय घ्या. यंत्र युरोला १०६ चा दर लावतं असं समजू (याहून वाईट दरही लागतात), म्हणजे २१,२०० झाले. वर, परदेशातल्या दुकानात रुपयांत व्यवहार केला म्हणून अनेक बँका आपलं वेगळं शुल्क लावतात. ते एक टक्का आणि त्यावर जीएसटी धरला तर बिल २१,४५० वर जातं. एका बोटाचे सव्वासहाशे रुपये. मार्कअप न लावणारं कार्ड पाकिटात असतं आणि युरो निवडले असते, तर हीच पर्स २०,००० च्या आसपास पडली असती.

एटीएमवर हाच खेळ जरा जास्त धाकदपटशाने चालतो. पैसे काढताना यंत्र एक दर दाखवतं आणि खाली दोन बटणं देतं. रूपांतर स्वीकारा, रूपांतर नाकारा. ‘डिक्लाइन’ दाबलं तर व्यवहारच रद्द होईल, कार्ड अडकेल, अशी भीती वाटते आणि मागे रांगही असते. व्यवहार रद्द होत नाही. नकार फक्त त्या दराला असतो. पैसे त्याच यंत्रातून, तेवढेच येतात आणि रुपयांचा हिशेब आपल्याकडच्या दराने होतो.

हे इतकं विस्ताराने सांगायचं कारण म्हणजे आपली एक सवय. युरोपच्या सहलीत बसमध्ये चढता चढता हमखास ऐकू येतं, “कॉफी चार युरो! म्हणजे चारशे रुपये!” मग पाण्याची बाटली गुणिले शंभर, स्टेशनवरचं स्वच्छतागृह गुणिले शंभर. कुणी तहान मारतं, कुणी लघवी. आणि हीच माणसं संध्याकाळी दुकानात एका बटणावर सहाशे रुपये सोडून येतात, कारण तिथे गुणाकार यंत्राने आधीच करून ठेवलेला असतो. माझं मत स्पष्ट आहे. लाखभर रुपयांचं विमानाचं तिकीट काढून तिथे गेल्यावर कॉफीची किंमत ही कॉफीची किंमत असते, ती द्यावी आणि प्यावी. गुणाकार करायचाच असेल तर तो घरी, निघण्याआधी, टक्केवारीवर करावा. परदेशात पैसा वाया जातो तो किमतींत नव्हे, दरांत आणि शुल्कांत.

या गुणाकारामागे नुसता कंजूषपणा आहे असं मात्र मला वाटत नाही. परकीय चलन ही दुर्मीळ चीज आहे, हे आपल्या दोन-तीन पिढ्यांच्या अंगात भिनलेलं आहे. साठ-सत्तरच्या दशकात पुण्या-मुंबईहून अमेरिकेला शिकायला गेलेल्यांच्या आठवणी काढा, आठ डॉलर हा आकडा येतोच. तेवढे घेऊन ते निघाले. तिकीट काढायलासुद्धा रिझर्व्ह बँकेचा ‘पी फॉर्म’ मंजूर व्हावा लागे. ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं आणि ४.७६ रुपयांचा डॉलर रातोरात साडेसात रुपयांचा झाला. गंमत अशी की त्याआधी आखातात आपला रुपयाच चालत होता. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने तिकडच्यासाठी वेगळ्या रंगाच्या खास नोटा छापल्या होत्या. १९६६ च्या दणक्यानंतर आखातातल्या उरलेल्या राज्यांनीही रुपया सोडला. पुढे परदेश प्रवास योजना आली, तिच्यात ठरावीक वर्षांतून एकदा ५०० डॉलर मिळत. ते पासपोर्टवर नोंदवले जात, बहुतेक ट्रॅव्हलर्स चेकच्या रूपात. अमेरिकन एक्स्प्रेसने आपले हे चेक १८९१ मध्ये आणले. बँकेत एकदा सही, वटवताना समोर दुसरी सही, आणि दोन्ही जुळल्या नाहीत तर काउंटरवर घाम. १९९१ मध्ये तर देशानेच ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवलं. ज्यांनी ते दिवस वर्तमानपत्रात वाचले, ते आज सत्तरीत आहेत आणि केसरी किंवा वीणा वर्ल्डच्या बसमध्ये खिडकीपाशी बसलेत. त्यांनी चार युरोला चारशे म्हणावं, यात नवल नाही.

आता चित्र उलटं आहे. १९७३ चा ‘फेरा’ हा परकीय चलनाचा कायदा जाऊन १ जून २००० पासून त्याच्या जागी ‘फेमा’ लागू झाला. फेब्रुवारी २००४ मध्ये उदारीकृत प्रेषण योजना, म्हणजे सगळे जिला एलआरएस म्हणतात ती, वर्षाला २५,००० डॉलरच्या मर्यादेने सुरू झाली. २०१५ पासून ही मर्यादा माणशी, आर्थिक वर्षाला, अडीच लाख डॉलर आहे. सहलीला जाणाऱ्या कुटुंबाला ही कधी आडवी येत नाही. आडवा येतो तो टीसीएस, म्हणजे सहलीचे पैसे भरतानाच होणारी कराची वसुली.

टीसीएसबद्दल दोन गैरसमज सर्रास आहेत. एक म्हणजे हा वेगळा कर आहे. नाही, तो आगाऊ कापलेला प्राप्तिकर आहे, आपल्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरून वळता करता येतो. पण ज्यांचं उत्पन्न करपात्र नाही आणि जे विवरणपत्रच भरत नाहीत, अशा निवृत्त मंडळींचे पैसे सरकारकडे तसेच पडून राहतात. ते परत हवे तर विवरणपत्र भरावंच लागतं. दुसरा गैरसमज दराचा. ऑक्टोबर २०२३ पासून परदेशी सहलीच्या पॅकेजवर ७ लाखांपर्यंत ५ आणि त्यापुढे २० टक्के असा दर आला. १ एप्रिल २०२५ ला ही सीमा १० लाखांवर गेली. अर्थसंकल्पागणिक हे आकडे हलतात, तेव्हा मागच्या वर्षी जाऊन आलेल्या भावोजींच्या सांगण्यावर जाऊ नका. सहल कंपनीकडून बुकिंगच्या दिवशीचा दर लेखी मागा, आणि पैसे कुणाच्या पॅनवर भरायचे हे चौघांनी घरात बसून ठरवा. क्रेडिट कार्डाने परदेशात केलेला खर्चही एलआरएसमध्ये धरायचा निर्णय मे २०२३ मध्ये जाहीर झाला होता. ओरड झाली आणि जूनअखेर तो बाजूला ठेवला गेला.

रोख किती न्यायची, हा प्रश्न निघण्याच्या आठवडाभर आधी प्रत्येक घरात होतो. कायद्याने बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत नोटा घेता येतात, बाकी रक्कम कार्डात. मनी चेंजरला रोख रुपये देऊन ५०,००० पर्यंतचंच चलन घेता येतं, त्यापुढे चेक किंवा बँकेतूनच पैसे द्यायचे. काउंटरवर गेल्यावर “रेट काय?” हा प्रश्न अपुरा आहे. कमिशन शून्य असा बोर्ड असला तरी खरेदी आणि विक्रीच्या दरात जी फट असते, तीच त्याची कमाई. विचारायचं असं: “मला हातात हजार डॉलर हवेत. सगळं धरून एकूण किती रुपये देऊ?” मग हाच प्रश्न आणखी दोन ठिकाणी विचारायचा. जीएसटीची काळजी नको, लाखापर्यंतच्या व्यवहारावर तो लाखाला १८० रुपये पडतो. शेवटच्या घटकेला विमानतळावरच्या काउंटरवर मात्र सगळं चलन घेऊ नये. तिथला दर तुमची अडचण ओळखून लावलेला असतो. टॅक्सीपुरते घ्यावेत.

थायलंडला जाणारे अनेकजण इथूनच बाथ घेऊन निघतात. त्यापेक्षा डॉलर नेऊन तिथे बदललेले बरे पडतात का, याचं उत्तर नोटेवर असतं. बँकॉकच्या मनी चेंजरकडचा फलक नीट वाचला तर डॉलरच्या तीन-तीन ओळी दिसतात. शंभराच्या नोटेला सगळ्यात चांगला दर, पन्नासाला जरा कमी, आणि पाच-दहाच्या नोटांना आणखी कमी. म्हणजे “सुटे द्या हो, खर्चाला बरे पडतात” म्हणून इथे दहा-दहाच्या नोटा घेणारा तिथे दोनदा कापला जातो. नोटा कोऱ्या हव्यात, हेही लक्षात ठेवा. इंडोनेशियात घडी पडलेल्या, शाईचा ठिपका असलेल्या डॉलरला नाक मुरडतात किंवा दर पाडून देतात. बालीत कुटाच्या गल्ल्यांतून सगळ्यात चढा दर लावलेल्या टपऱ्यांपासून तर चार हात दूर राहा. तिथे छोट्या नोटांच्या चळती टेबलावर मांडून, तुमच्यासमोर मोजून, शेवटच्या क्षणी गठ्ठा सारखा करताना चार-सहा नोटा टेबलामागे घसरवायची कला जोपासलेली आहे. शेवटचं मोजणं तुमच्या हाताने झालं पाहिजे, आणि त्यानंतर गठ्ठा परत द्यायचा नाही.

व्हिएतनामचा वेगळाच घोळ. तिथे रुपयाला तीनशेच्या आसपास डोंग मिळतात आणि दोन दिवस सगळेच लखपती असतात. पण २०,००० ची नोट निळी आहे आणि ५,००,००० ची नोटही निळसरच. रात्री टॅक्सीत, मंद दिव्याखाली, साठ-सत्तर रुपयांची नोट म्हणून सोळाशे-सतराशेची नोट हातातून जाते. उपाय सोपा आहे, पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवायच्या. वहिनींच्या पर्समध्ये ठेवल्या तर उत्तम, तिथून त्या सहजी बाहेर येत नाहीत.

कार्ड कुठलं, कशाला

फॉरेक्स कार्ड, म्हणजे आगाऊ पैसे भरलेलं कार्ड, हे दर ठरून गेल्याचं समाधान देतं. रुपया पडला तरी आपले युरो आपल्यापाशी. पण युरो भरलेलं कार्ड स्वित्झर्लंडमध्ये फ्रँकसाठी वापरलं की पुन्हा रूपांतराचं शुल्क लागतं, कारण स्विस फ्रँक हे वेगळं चलन आहे आणि युरोपच्या प्रत्येक सहलीत इंटरलाकेन असतंच. ज्या देशांत जाणार त्या चलनांत कार्ड विभागून भरा. या कार्डाची दुसरी खोड कमी लोकांना माहीत असते. हॉटेलमध्ये शिरताना अनामत म्हणून जी रक्कम रोखून धरतात, ती क्रेडिट कार्डावर धरली तर फक्त मर्यादेतून वजा दिसते. फॉरेक्स कार्डावर धरली तर तुमचे खरे पैसे अडकतात आणि हॉटेल सोडल्यावरही मोकळे व्हायला कितीतरी दिवस लागू शकतात. भाड्याच्या गाडीचंही तेच. बहुतेक कंपन्या गाडी चालवणाऱ्याच्या नावाचं क्रेडिट कार्ड मागतात. मुलाने गाडी चालवायची आणि कार्ड बाबांचं, असं असलं तर काउंटरवर वरात निघते.

क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढणं हे सगळ्यात महागडं काम. पैसे काढल्याचं शुल्क वेगळं आणि व्याज त्याच दिवसापासून. रोख हवीच असेल तर डेबिट किंवा फॉरेक्स कार्डाने, आणि थोडी थोडी काढण्यापेक्षा एकदाच. थायलंडची एटीएम परदेशी कार्डाला दर खेपेला दोनशेहून जास्त बाथ लावतात. हजार बाथ काढणाऱ्याचे वीस टक्के तिथेच गेले.

आणि हो, कार्ड चालू आहे का ते बघा. १ ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे नवीन कार्ड फक्त देशात चालेल असंच येतं. परदेशासाठी ते ॲपमध्ये जाऊन चालू करावं लागतं. दुकानासाठी वेगळी कळ, एटीएमसाठी वेगळी, ऑनलाइनसाठी वेगळी. घरून निघताना चालू करा, मर्यादा बेताची ठेवा, आणि परत आल्यावर आठवणीने बंद करा. परदेशी संकेतस्थळं बहुधा ओटीपी मागत नाहीत. कार्डाचा क्रमांक कुणाच्या हाती लागला तर तेवढ्यावर काम होतं.

यूपीआय चालेल का, हा हल्लीचा प्रश्न. फेब्रुवारी २०२४ मध्ये आयफेल टॉवरच्या तिकिटासाठी यूपीआय सुरू झालं तेव्हा आपल्याकडे मोठ्या बातम्या झाल्या. त्याच महिन्यात श्रीलंका आणि मॉरिशसमध्येही ते सुरू झालं. भूतान २०२१ पासून आहे, सिंगापूर, नेपाळ, अमिरातीतही काही ठिकाणी चालतं. पण आयफेल टॉवरवर चाललं म्हणून खालच्या क्रेपवाल्याकडे चालेल असं नाही. चाललं तर मजा, त्याच्या भरवशावर निघू नये. लंडनमध्ये उलट रोखच अडते. तिथल्या बस ६ जुलै २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत. कार्ड टेकवायचं आणि बसायचं. दिवसभरात कितीही फिरलात तरी ठरावीक कमाल रकमेपुढे भाडं वाढत नाही, मात्र दिवसभर एकच कार्ड टेकवायला हवं. सकाळी कार्ड आणि दुपारी फोन टेकवला तर ते दोन वेगळे प्रवासी धरले जातात.

सहा महिन्यांचा मुक्काम

सहलीला जाणारे दहा-बारा दिवसांत परततात. खरी कसोटी असते ती लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला किंवा बे एरियात सहा महिने राहायला जाणाऱ्या आजी-आजोबांची. यांच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. जातानाच्या बॅगेत मेतकूट, डिंकाचे लाडू, बाळाची झबली असं सगळं असतं. पैशांचं मात्र “तिथे काय लागणार, पोरं आहेतच” एवढ्यावर संपतं.

आणि मग तिसऱ्या महिन्यात आजोबांच्या भारतातल्या फोनचा रिचार्ज संपतो. कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तिथे जावयाने नवीन सिम दिलेलं असतं. सोसायटीचा मेंटेनन्स भरायला बसल्यावर कळतं की ओटीपी येत नाहीये. बँकेचं ॲप उघडत नाही, नवा फोन नोंदवायचा तर त्यालाही जुन्याच क्रमांकावर ओटीपी हवा. मोबाइल क्रमांक गेला की बँक गेली, अशी आजची रचना आहे. तेव्हा निघण्याआधी रोमिंग चालू करून घ्या. परतीच्या तारखेच्या पुढे महिनाभर पुरेल असा रिचार्ज मारून ठेवा. आणि ते सिम फोनमधून काढू नका, दुसऱ्या खाचेत राहू द्या. रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला बहुतेक कंपन्या पैसे लावत नाहीत. पेन्शन घेणाऱ्यांचा मुक्काम नोव्हेंबरात पडत असेल तर हयातीच्या दाखल्याची सोय बँकेत आधीच विचारून ठेवा.

आणखी एक गोष्ट, जराशी नाजूक. आजी-आजोबांच्या पाकिटात त्यांचे स्वतःचे डॉलर हवेत. नातवाला खेळणं घेताना सुनेकडे किंवा लेकीकडे कार्ड मागावं लागू नये. फॉरेक्स कार्डात हजार-पाचशे डॉलर असले की भारतीय दुकानात भाजी आणायला आजोबा एकटे जातात, आणि गेले की खुशीत परततात. एवढंच आधी सांगून ठेवा की तिथे लेबलवरची किंमत कराशिवायची असते. पाच डॉलरची वस्तू गल्ल्यावर पाचाहून जास्त होऊ शकते, ती फसवणूक नव्हे. उपाहारगृहात बसून जेवलात तर बिलावर अठरा-वीस टक्के टिप द्यायचा रिवाज आहे. आपल्या बडीशेपेच्या बशीत ठेवलेले दहा रुपये तिथे चालत नाहीत.

चोरीबद्दल थोडक्यात. पॅरिसची मेट्रो, बार्सिलोनाची ला रांब्ला, रोममध्ये व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस, ही खिसेकापूंची नामांकित ठिकाणं आहेत. दोन कार्डं एकाच पाकिटात ठेवू नका, आणि नवरा-बायकोने एकाच खात्याची कार्डं नेऊ नका. बँकेचा परदेशातून लागणारा नंबर कागदावर लिहून बॅगेत ठेवा, कारण फोनही त्याच खिशात असतो. कार्ड बंद केल्याचा संदर्भ क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, तुमची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कुणी गैरव्यवहार केला आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमच्यावर बोजा पडत नाही. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलं तर काही भाग सोसावा लागतो. “घरी गेल्यावर बघू” हे वाक्य इथे महागात पडतं. आणि पिन कार्डाच्या पाकिटावर लिहिला असेल, तर ती चूक तुमची धरली जाते.

परत आल्यावर चलन उरतंच. १८० दिवसांच्या आत ते बँकेत किंवा मनी चेंजरकडे परत करावं असा नियम आहे. पुढच्या वेळेसाठी म्हणून २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा जवळ ठेवता येतात. नाण्यांना मर्यादा नाही, पण ती इकडे कुणी विकतही घेत नाही, म्हणून विमानतळावरच चॉकलेटात संपवावीत.

आपल्याकडे मात्र नोटा देवघराच्या खणात किंवा कपाटातल्या पाकिटात वर्षानुवर्षं राहतात. ते पाकीट दिवाळीच्या साफसफाईत निघालं तर एकदा उघडून बघा. ब्रिटनच्या कागदी २० आणि ५० पौंडांच्या नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानांत चालत नाहीत, जुनं एक पौंडाचं गोल नाणं तर ऑक्टोबर २०१७ पासूनच बाद आहे. स्वित्झर्लंडच्या आधीच्या मालिकेच्या नोटा एप्रिल २०२१ अखेर व्यवहारातून गेल्या. क्रोएशियात १ जानेवारी २०२३ पासून कुना जाऊन युरो आला. या नोटा इथला मनी चेंजर घेणार नाही, पण त्या मातीमोल झालेल्या नाहीत. बँक ऑफ इंग्लंड आपल्या जुन्या नोटा अजूनही बदलून देते. नात्यातलं कुणी लंडनला निघालं असेल तर त्या नोटा त्यांच्या हाती द्या, आणि सोबत ओळखपत्र न्यायला सांगा.